वजराईला जायचंय? आधी नवजाचा आकडा बघा

पावसाळ्यात साताऱ्याच्या पश्चिमेला धबधबा बघायला निघणाऱ्यांची तयारी बहुतेक वेळा बॅगेपासून सुरू होते. रेनकोट कुठला, बूट कुठले, मोबाईलला पिशवी, वाटेत भजी कुठं चांगली मिळतात. हे सगळं लागतं, पण शेवटी. सगळ्यात आधी बघायचं ते पाणी, आणि तेसुद्धा धबधब्याच्या वर पडलेलं, जे खाली उभं राहून तुम्हाला कधीच दिसत नाही.

कास, चाळकेवाडी, सडावाघापूर, सगळीकडं डोंगराच्या माथ्यावर जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे उघडं सपाट पठार आहे. त्यावर माती वीतभर नाही, काही ठिकाणी तर बोटभरही नाही. कौलांवर पडलेलं पाणी जसं थेट वळचणीला येतं, तसं सड्यावरचं पाणी थेट कड्याला येतं. म्हणूनच इथले धबधबे जून-जुलैत एका रात्रीत जिवंत होतात आणि म्हणूनच ते अंगावर येतात. तुम्ही खाली झाडीत असता, डोक्यावर पावसाचा थेंब नसतो, आणि वर सड्यावर अर्ध्या तासात कोसळलेली सर ओढ्यातून तुमच्यापर्यंत पोचलेली असते. या भागातल्या भटकंतीचा सगळा बेत या एका गोष्टीभोवती आखायचा.

धबधबा कुठला निवडायचा

ठोसेघर आधी बाजूला काढू. सज्जनगडाच्या रस्त्यानं पुढं गेलं की ठोसेघर येतं, गाडी जवळपर्यंत जाते, कठड्यामागून धबधबा दिसतो. घरात म्हातारी माणसं असतील, लहान मुलं असतील तर इथंच जावं. पण याला जंगलातली चाल म्हणता येणार नाही.

वासोटा (कोयनेच्या जंगलातला किल्ला) आणि चांदोली या दोन नावांवर पुण्या-मुंबईहून हमखास फोन येतात. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. पावसाळ्यात तिथलं पर्यटन बंद असतं, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. बामणोलीची बोट धरून ऑगस्टमध्ये वासोट्याला जाऊ, असं कुणी सांगत असेल तर त्याला नमस्कार करा. शिराळ्याकडून मणदूर-जाधववाडीच्या गेटवर जाऊन परत फिरणारी मंडळीही दर वर्षी असतात. ही जंगलं ऑक्टोबर उलटल्यावरची.

उरतात ती तीन नावं. नवजाचा ओझर्डे, भांबवलीचा वजराई आणि केळवली.

ओझर्डे कराड-पाटणमार्गे. कराडहून कोयनानगर साठेक किलोमीटर, तिथून पुढं नवजा. सांगलीकरांना हाच सोयीचा. वाट बांधलेली, पायऱ्यांची, पण आजूबाजूचं रान खऱ्या अर्थानं दाट. हा वनखात्याच्या हद्दीतला, त्यामुळं तो चालू आहे का हे कोयनानगरला विचारल्याशिवाय घरातून निघू नका.

केळवलीची वाट झाडीतून जाते आणि शेवटी डोह आहे. पोहता येईल असं वाटणारा हा डोह फसवा आहे आणि तिथं तरण्याताठ्या पोरांचे जीव गेलेले आहेत. ग्रुपमध्ये कुणी 'उडी मारू' म्हणणारा असेल तर केळवली नको, एवढंच सांगतो.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी वजराई सुचवतो. साताऱ्याहून यवतेश्वर घाट चढून कासच्या रस्त्यानं, तीसएक किलोमीटर. तीन टप्प्यांत कोसळणारा हा धबधबा, उंची सुमारे १,८४० फूट सांगितली जाते, आणि उरमोडी नदी इथून सुरू होते. सज्जनगडाखाली परळीच्या खोऱ्यात जे धरण दिसतं, त्यात हेच पाणी. भांबवलीचे गावकरी तिथली व्यवस्था बघतात, वाटाड्या मिळतो, आणि पाणी चढलं असेल तर सांगणारं माणूस असतं. माझ्या दृष्टीनं हे शेवटचं कारण सगळ्यात मोठं.

दिवस कसा ठरवायचा

साताऱ्यात पोवई नाक्यावर ऊन पडलंय, यावरून भांबवलीत काय चाललंय हे अजिबात कळत नाही. जिल्ह्याच्या पूर्वेला माण तालुक्यात वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार. दोन्हींत अंतर शंभरेक किलोमीटरचं. शहर या दोन टोकांच्या मधे आहे. यवतेश्वर चढलं की पाऊस बदलतो, पेट्रीच्या पुढं आणखी बदलतो.

म्हणून आकडे बघायचे ते वरचे. पावसाळ्यात रोज सकाळी कोयना धरणाच्या बातमीत तीन ठिकाणांचा पाऊस येतो: कोयनानगर, नवजा, महाबळेश्वर. आदल्या २४ तासांत किती पडला, तेवढं बघा. शेती करणारी माणसं हा आकडा धरणाच्या साठ्यासाठी वाचतात, आपण ओढ्यासाठी वाचायचा. तिन्ही ठिकाणी सलग दोन दिवस पन्नास मिलिमीटरच्या आत असेल तर जायला हरकत नाही. शंभरच्या पुढं गेला की मी जात नाही. हा माझा हिशेब आहे, सरकारी नियम नव्हे.

हवामान खात्याचा अंदाज वाचताना सातारा जिल्ह्याचा घाटमाथा वेगळा दिलेला असतो, तोच वाचा. ६४.५ मिलिमीटरच्या पुढं 'मुसळधार', ११५.६ च्या पुढं 'अति मुसळधार' आणि २०४.४ च्या वर 'अत्यंत मुसळधार', अशी त्यांची मोजणी. ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर घरी बसून कांदाभजी खावीत. शिवाय अशा दिवसांत जिल्हा प्रशासन धबधब्यांवर जायला मनाई करतं आणि वाटेत पोलीस उभे असतात. तीस किलोमीटर जाऊन परत यायचं असेल तर गोष्ट वेगळी.

महिन्यांचं म्हणाल तर जुलै हा लांबून बघण्याचा महिना. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे इथं दरडी कोसळून माणसं गेली, ती याच डोंगरांच्या कुशीतली गावं. सलग आठवडाभर ओतल्यावर उतारावरची माती पाण्यानं भरलेली असते, तेव्हा पाऊस थांबला तरी दोन दिवस जाऊ द्या. ऑगस्टचा उत्तरार्ध ते सप्टेंबर हा चालण्याचा काळ: पाणी भरपूर, वाट मळलेली, मधूनमधून उघडीप. फक्त सप्टेंबरात कासच्या फुलांची गर्दी असते, शनिवार-रविवारी वाहतूक वळवलेली असते आणि पठाराच्या अलीकडं गाड्यांची रांग लागते. जमलं तर मंगळवार-बुधवार काढा.

परतीच्या पावसाची एक वेगळी तऱ्हा. सकाळ लख्ख, दुपारी दोन-तीनला ढग भरून येतात आणि विजा कडाडायला लागतात. सड्यावर तुमच्याइतकं उंच दुसरं काहीच नसतं. त्या दिवसांत दुपारी एकच्या आत सडा सोडलेला बरा.

निघण्याच्या आदल्या दिवशी

गावात एक फोन करा. कुणाकडं तरी जेवणाची सोय होते का विचारा, त्या निमित्तानं ओढ्याला पाणी किती, वाट कशी आहे, हे आपोआप कळतं. जेवण काय, नाचणीची भाकरी, पिठलं, खर्डा. भातलावणी चालू असेल तर घरात माणूस नसतं, मग हट्ट करू नका. वाटाड्याचे पैसे आधीच ठरवा. आणि गावकरी म्हणाला, "पाव्हणं, आज वड्याच्या पल्याड जाऊ नगासा, वर लय पडलाय," तर तो तुम्हाला घाबरवत नसतो. त्याला आपलं गिऱ्हाईक घालवण्यात काय फायदा?

घरी एका कागदावर लिहून ठेवा: कुठं चाललोय, गाडी कुठं लावणार, किती वाजता परत येणार, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं. कासच्या पुढं मोबाईलची रेंज येते-जाते. नकाशा आधी डाउनलोड करून ठेवा. आणीबाणीला ११२, रुग्णवाहिकेला १०८, वनखात्याची हेल्पलाइन १९२६.

किती जण? चार ते सहा. दोघंच असाल आणि एकाचा पाय मुरगळला तर दुसऱ्यानं त्याला सोडून जायचं की बसून राहायचं, हा प्रश्न पडतो. पंधरा जण असाल तर शेवटचा कुठं राहिला हे कुणालाच माहीत नसतं.

बॅग

इथं फार वेळ घालवत नाही. बूट खोल खाचांच्या तळव्याचे हवेत. गावातली माणसं साधे प्लॅस्टिकचे बूट घालून शेवाळावरून तुरुतुरु चालतात, त्यामुळं महागडे घ्यायलाच हवेत असं नाही. पण गुळगुळीत तळव्याचे जॉगिंगचे बूट मात्र नकोत. वॉटरप्रूफ बुटात एकदा वरून पाणी शिरलं की ते बाहेर पडत नाही, दिवसभर डबकं घेऊन चालावं लागतं. जीन्स नको. छत्री झाडीत अडकते. रेनकोट नसेल तर इथली जुनी माणसं वापरतात ती डोक्यावरून घ्यायची खोळ उत्तम, दोन्ही हात मोकळे राहतात. छातीएवढी एक काठी. कोरडे कपडे आणि मोजे दुहेरी पिशवीत. विजेरी, शिट्टी, क्रेप बँडेज, मीठ. दीड-दोन लिटर पाणी घरूनच न्या. ओढ्याचं पाणी स्वच्छ दिसलं तरी वर गुरं चरत असतात. खायला गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, चपातीची गुंडाळी. रस्त्यात घेतलेले कंदी पेढे चढावर नेमके कामी येतात.

झाडीतली वाट

साताऱ्याहून सहा-साडेसहाला निघालात तर आठच्या सुमारास भांबवलीत. चाल लांबलचक नाही, पण निसरड्या वाटेवर किलोमीटरचा हिशेब चालत नाही. कोरड्यात अर्धा तास लागेल तिथं तास धरा. भातखाचरांच्या बांधावरून जाताना एकामागोमाग चाला, बांध खचला की शेतकऱ्याच्या खाचरातलं पाणी फुटतं.

शेतं संपली की रान सुरू होतं आणि उजेड एकदम कमी होतो. जांभूळ, अंजनी, हिरडा, पिसा, खाली कारवीचं दाट जाळं. बुंध्यांवर शेवाळ, फांद्यांवर ऑर्किड. कास, कोयना आणि चांदोलीची ही रानं २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत गेली. पाऊस थांबल्यावरही इथं तासभर झाडं गळत राहतात. कुठूनतरी माणसानं शीळ घालावी तसा आवाज आला तर तो कस्तुर पक्षी; ओढ्याच्या कडेलाच असतो, म्हणजे पाणी जवळ आलं.

आता जळवांचं. त्यांची भीती गरजेपेक्षा जास्त आणि माहिती कमी असते. वाटेच्या कडेचं एखादं ओलं पान निरखून बघा. त्याच्या टोकावर दोऱ्याइतकी बारीक जळू एका टोकावर उभी असते आणि तुमच्या श्वासाच्या दिशेनं झुलत असते. तुम्ही थांबलात की ती निघाली. बुटावर चढते, मोज्याच्या विणीतून आत जाते, आणि चावल्याचं कळतही नाही. म्हणून झाडीत उभं राहून गप्पा मारू नयेत. थांबायचं तर मोकळ्या दगडावर. पँट मोज्यात खोचा, मोजे तंबाखूच्या पाण्यात बुडवून वाळवलेले असतील तर फरक पडतो. चिकटलेली जळू ओढू नका. नख कातडीला टेकवून तिच्या तोंडाकडच्या बाजूला सरकवा, सुटते. मीठ टाकलं तरी सुटते, पण सुटताना पोटातलं जखमेत ओकते, म्हणून मीठ बुटांवर आणि मोज्यांवर, कातडीवर नको. रक्त बराच वेळ वाहतं, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो. धुऊन दाबून धरा, पट्टी लावा, चालायला लागा.

सापांत इथं चापडा असतो: हिरवा, त्रिकोणी डोक्याचा, कमरेच्या उंचीवर फांदीला गुंडाळून तासन्‌तास निश्चल. तो तुमच्या अंगावर येत नाही, तुमचा हात त्याच्यावर जातो. चढताना आधाराला फांदी धरण्याआधी ती फांदीच आहे ना हे बघा, एवढी सवय लावून घ्या. चावलाच तर चिरा देणं, आवळून बांधणं, चोखणं यातलं काहीही नको. अंगठी-घड्याळ काढा, हात हलू देऊ नका, शांतपणे खाली आणा आणि थेट दवाखाना. आपल्याकडची सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी बनते. चापड्याच्या दंशात डॉक्टर लक्षणं बघून उपचार करतात, त्यामुळं साप कसा दिसत होता हे सांगता आलं पाहिजे. मारून आणायची गरज नाही.

ओढा

लोकांचं लक्ष कड्यावर असतं, पण धोका बहुतेक वेळा त्याच्या अलीकडच्या ओढ्यात असतो. सकाळी घोट्याएवढं पाणी ओलांडून गेलेली माणसं दुपारी पलीकडं अडकतात.

ओढ्याशी पोचल्यावर लगेच पाय घालू नका. काठावर, पाणी जिथं संपतं तिथं एक दगड ठेवा आणि बाकीचे येईपर्यंत थांबा. दहा मिनिटांत दगड बुडाला तर पाणी चढतंय. पुढं जायचा विषय तिथंच संपला. दगड कोरडाच असेल तर पाण्याचा रंग बघा. तळ दिसतोय का? पाणी तांबूस झालं, पालापाचोळा आणि काटक्या वाहून यायला लागल्या, किंवा आवाज अचानक जड झाला, तर वर लोंढा सुटलेला आहे. अशा वेळी सामान गोळा करत बसायचं नाही, आधी उंचावर चढायचं.

साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल असेल तर लांबचा वळसा पडला तरी साकवावरूनच जा. नसेल तर ओढा जिथं रुंद आणि उथळ आहे अशी जागा शोधा. अरुंद जागा उडी मारण्यासारखी दिसते, पण तिथंच पाणी खोल आणि जोराचं असतं. आणि ज्याच्या खाली लगेच कडा आहे, अशा ठिकाणी कधीही नाही, पाणी घोट्याएवढं असलं तरी. बॅगेचे पट्टे सैल करा, कमरेचा उघडा. तोंड प्रवाहाकडं, काठी वरच्या बाजूला रोवलेली, एका वेळी एकच पाय किंवा काठी हलवायची. तिघांनी एकमेकांचे खांदे धरून गेलं तर आणखी चांगलं. दोर कमरेला बांधून कुणाला पाण्यात सोडू नका. पाय घसरला की ताणलेला दोर माणसाला पाण्याखाली धरून ठेवतो. बूट काढू नका. गुडघ्यापर्यंत पोचणारं वेगाचं पाणी असेल तर ओलांडायचं नाही, यात तडजोड नाही.

आणि अडकलातच तर? घाई करू नका. ज्या सड्यामुळं पाणी झटकन चढतं, त्याच सड्यामुळं ते उतरतंही लवकर. वरचा पाऊस थांबला की तास-दोन तासांत बऱ्याचदा वाट मोकळी होते. ओढ्यापासून उंचावर बसा, कोरडे कपडे घाला, लाडू खा, शिट्टी वाजवा. अंधार पडला तरी तिथंच राहणं हे त्या पाण्यात उतरण्यापेक्षा शंभर पटींनी बरं. वाटाड्या बरोबर असेल तर त्याला दुसरी वाट माहीत असते.

धबधब्यापाशी

इथं सांगण्यासारखं फार नाही, बघायचंच आहे. थेट धारेखाली उभं राहू नका. तीन टप्प्यांतून पाणी येतं तसे दगडही येतात. डोहात उतरू नका. कड्यावरून पडणारं पाणी डोहात खालून गोल फिरत राहतं, आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही ते वर येऊ देत नाही. काळा, चकचकीत दगड दिसला की त्यावर शेवाळ आहे असंच धरा. कठड्याच्या पलीकडं जाऊन फोटो काढणाऱ्याला ग्रुपमधल्या सगळ्यात मोठ्या माणसानं स्पष्ट शब्दांत मागं बोलवावं, चेष्टेवारी नेऊ नये.

स्पीकर गाडीतच ठेवा. प्लॅस्टिक जेवढं नेलं तेवढं परत आणा, आणि देवराईतून वाट जात असेल तर चपला काढायच्या का हे वाटाड्याला विचारा.

परत फिरायची वेळ सकाळीच ठरवा. दुपारी एक वाजता, धबधबा दिसलेला असो वा नसो. धुकं इतकं दाट असतं की कधी कधी समोर नुसता आवाज असतो आणि पांढरा पडदा, मग माणसं 'दहा मिनिटं थांबू, मोकळं होईल' म्हणत दोन तास बसतात. धुकं खरोखरच उठतं, दृश्यही मिळतं. पण तोवर ओढ्यातला दगड बुडालेला असू शकतो.

खाली आल्यावर

गाडीत बसण्याआधी बूट-मोजे काढून पायाची बोटं, घोटे, गुडघ्यामागची जागा आणि कंबर तपासा. जळवा मऊ जागा शोधतात. पायावर कापल्याची जखम असेल आणि पुढच्या आठवडा-दोन आठवड्यांत ताप, अंगदुखी, डोळे लाल असं काही झालं तर डॉक्टरांना चिखल-पाण्यात चाललो होतो हे आवर्जून सांगा. लेप्टोस्पायरोसिसचा विचार मग ते लवकर करतात. घरी फोन करून निघाल्याचं कळवा. यवतेश्वर घाट उजेडातच उतरा, दिवे लावून, दुसऱ्या गियरमध्ये. पावसात तिथं दरडीचे दगड रस्त्यावर येतात आणि धुक्यात ते शेवटच्या दहा फुटांवर दिसतात.